लांबट दाणा

ती नोट मी उभ्या उभ्या लिहिली, रागाच्या भरात लिहिली, खाली सही ठोकली आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आपटली. चार ओळी होत्या. पहिल्या तीन ओळींत रस ठीक, चुना ठीक, लॅबची काही चूक नाही, असं होतं. चौथी ओळ अशी: पॅन ऑपरेटरला दाणा नीट दिसत नसावा, गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे.

साहेबांनी वाचली आणि सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं लिहून दिलात मॅडम. चार वाजता ऑर्डर काढतो. उद्यापासून अप्पा गेटवर."

सकाळचे दहा वाजून गेले होते. मी "बरं" म्हणाले आणि लॅबमध्ये येऊन चहा मागवला. हे आज सांगतानाही मला माझीच लाज वाटते, पण चहा मागवला होता हे खरं आहे.

आमचा साखर कारखाना बीदर जिल्ह्यात, माझ्या माहेराहून म्हणजे बसवकल्याणहून बसनं तासाभरावर. मी तिथं लॅब केमिस्ट. रसात साखर किती, चुना किती, हे दर तासाला बघायचं माझं काम. अप्पा म्हणजे आमचे पॅनमन. पॅन हे दोन मजली उंचीचं बंद भांडं, त्यात उसाचा दाट पाक शिजत ठेवतात आणि शिजता शिजता त्यात साखरेचा दाणा धरतो. अप्पा पितळेच्या दांडीनं आतला थेंबभर पाक बाहेर काढायचे, काचेच्या तुकड्यावर पसरायचे, उजेडासमोर धरायचे आणि एका नजरेत ठरवायचे, अजून पाक सोडायचा की थांबायचं. तीस वर्षं हेच काम. काच पुसायला एक घडीचा रुमाल ठेवायचे, त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालायचं नाही.

अप्पा राजेश्वर गावाकडचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले. त्या वस्तीतले बाकीचे लोक कारखान्यात ऊस उतरवायला, नाहीतर बॉयलरची राख काढायला. पॅनच्या मजल्यावर चढलेले पहिले अप्पाच. हंगाम संपला की रिटायर होणार होते, सहा आठवडे उरले होते. आणि गेटवर बसवलेला पॅनमन म्हणजे काय, हे आमच्याकडं सगळ्यांना कळतं. येणारा जाणारा प्रत्येक ट्रॅक्टरवाला विचारणार, अप्पा, कामून हितं बसलाव?

भानगड बुधवारपासून सुरू झाली होती. साखरेचा दाणा कसा, छोट्या डबीसारखा, चारी बाजूंनी सारखा. बुधवारी तो लांबट यायला लागला. गुरुवारी सकाळी तर सुईसारखा. लांबट दाणा गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये घातला की सुया एकमेकींत अडकून त्याचा लगदा बसतो, पाक बाहेर पडत नाही, साखर तांबूस, चिकट निघते. मशीन तुंबली म्हणून पॅन रिकामा होईना, पॅन रिकामा होईना म्हणून मागचा पाक थांबला, पाक थांबला म्हणून ऊस गाळणं निम्म्यावर आलं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत गेली. सकाळपासून नुसते हॉर्न. साहेब तीनदा लॅबमध्ये येऊन माझ्यावर ओरडून गेले, आणि माझ्यावर कुणी ओरडलं की माझं डोकं फिरतं. माझ्या वहीत सगळे आकडे बरोबर होते. रस बरोबर, चुना बरोबर, मग राहिला कोण? पॅनमन. लिहून टाकलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन तर आमच्या शिफ्ट इंजिनिअरचंही झालं होतं. त्यांचं नाव माझ्या पेनात आलं नाही. का आलं नाही, ह्याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, मी फक्त त्याच्याकडं बघितलं नाही.

चहा अर्धा झाला आणि दारात अप्पा उभे. ऑर्डरची बातमी माझ्या आधी खाली पोचली होती. हातात तो घडीचा रुमाल. मी आत या म्हटलं तर आले नाहीत.

"बाई, माझ्या डोळ्याचं तुमी लिवलाव म्हणं."

"अप्पा, माझा नाइलाज…"

"नाइलाज ऱ्हाऊ द्या. परीक्षा घ्या माझी. आत्ताच्या आत्ता."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, लाज नाही वाटली, रागच आला. म्हटलं, होऊन जाऊ द्या. मी नमुन्यांच्या कपाटातून तीन काचा काढल्या, एक मागच्या आठवड्याची, एक मंगळवारची, एक आजची. चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. अप्पांनी एकेक काच खिडकीसमोर धरली. चष्मा न घालता.

"हा चांगला दाणा, मागल्या हप्त्यातला. हा आजचा. आन् हा मधला…" ते थांबले. "हा मंगळवारचा असंल. ह्यो आत्ताशी बिघडायलाय. बघा, एका अंगाला जरा वाढलाय."

"मंगळवारी दाणा ठीक होता. माझ्या वहीत आहे."

"तुमची वही ठीक असंल. दाणा ठीक न्हाई."

मी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. बघितलं. पुन्हा बघितलं. दाणे एका बाजूनं लांब व्हायला सुरुवात झाली होती, अगदी थोडी. मंगळवारी हीच काच ह्याच यंत्रात बघून मी वहीत 'ठीक' लिहिलं होतं. यंत्रातून मला जे दिसलं नव्हतं, ते ह्या माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

मी यंत्रावरून डोकं वर काढलं. घड्याळात साडेअकरा.

"मग अप्पा, दाणा लांब का होतोय?"

"मी लांब करत न्हाई बाई. पाकच तसला यायलाय." त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली, पॅनचा पाक बरोबरच आणला होता. बोट बुडवून वर उचललं. तार निघाली, तुटेना, लोंबत राहिली. "ह्याला पाक म्हणत्याव? शेंबूड हाय हा."

खरंच तसं होतं. किळस आली, आणि त्या किळशीबरोबर कॉलेजातलं एक पान आठवलं. उसाच्या रसात एक जंतू वाढतो. तो साखर खातो आणि डिंकासारखा पदार्थ करतो, डेक्स्ट्रान त्याचं नाव. हा डिंक साखरेच्या दाण्याच्या काही अंगांना चिकटतो, ती अंगं वाढायची थांबतात, बाकीची वाढत राहतात. दाणा लांबट होतो. आमच्या रोजच्या तपासणीत हा डिंक सापडतच नाही, कारण आम्ही तो शोधतच नाही.

शोधायची एक साधी रीत आहे. रस गाळायचा, आम्लाचे चार थेंब टाकायचे आणि स्पिरिट ओतायचं. रस तसाच राहिला तर डिंक नाही, दुधासारखा झाला तर आहे. मी ऊस गाळणाऱ्या मिलमधून रस आणला. स्पिरिट ओतलं. नळीत ढगासारखं काहीतरी उठलं आणि हळूहळू सगळी नळी पांढरी झाली.

"दूध झालं की वो," अप्पा म्हणाले. आता ते आत आले होते, माझ्या खांद्याशी उभे होते.

हे साहेबांना सांगायला मी निघालेच होते, पण दारातून परत फिरले. नुसतं डिंक आहे म्हणून काय उपयोग? साहेब विचारणार, आला कुठून? तीस वर्षं आला नाही, आताच कसा आला? उत्तर नसलं तर ऑर्डर निघणारच. अप्पांना म्हटलं, "चला यार्डात."

यार्डात ऊस दोन तऱ्हेचा होता. एक आज सकाळी तोडून आणलेला. दुसरा येळवशीच्या ढिगातला. आमच्याकडं येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मोठा सण. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही, सगळा गाव शेतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, सगळ्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदगीतली आंबील, ओळखीचा अनोळखी जो येईल त्याला जेवायला घालायचं. त्या दिवशी कोयत्याला कुणी हात लावत नाही. कारखाना तर बंद ठेवता येत नाही, म्हणून दोन दिवस आधीच जास्तीचा ऊस तोडून यार्डात ढीग मारतात. यंदाची येळवस सोमवारी होती. मीही बाबांच्या शेतात होते. दिवसभरात मला कारखान्यातून दोन फोन आले, दोन्ही मी एका हातात आंबिलीचा पेला धरून उचलले आणि अर्ध्या मिनिटात संपवले. काय बोलले, ते मंगळवारी माझ्या डोक्यातही नव्हतं.

आजच्या उसाचा रस लॅबमधल्या छोट्या चरकावर काढला, स्पिरिट ओतलं. स्वच्छ. ढिगातल्या उसाचा काढला. दूध.

"शिळा ऊस!" मी टाळी वाजवायचीच बाकी होती. "अप्पा, शिळा ऊस आहे, दुसरं काही नाही."

अप्पांनी मान हलवली. "येळवशीला दरसाल शिळाच असतोय बाई. तीस येळवशी मी ह्या पॅनवर काढलो. आमच्यात पूजा न्हाई, म्हणून ड्यूटी दरसाल माझ्याच गळ्यात. कदी असा दाणा आला न्हाई."

माझा आनंद तिथंच फुस्स झाला. एक वाजून गेला होता. कुणाला जेवायचं सुचत नव्हतं.

पुन्हा ढिगापाशी गेलो. मी ढिगाभोवती चिडक्या म्हशीसारखी फेऱ्या मारत होते. ढीग विजेच्या खांबाच्या दोन्ही अंगांना पसरलेला. ऊस एकाच दिवशी तोडलेला, एकाच जागी पडलेला. अलीकडच्या अंगाचा ऊस काळपट, पलीकडचा नुसता वाळका. दोन्हीकडचे ऊस उपसून पुन्हा चरकावर घातले. पलीकडचा रस जरासा गढूळ झाला, बस. अलीकडचा पांढराशुभ्र.

दोन्ही ऊस सारखेच शिळे होते. म्हणजे शिळेपणाचा दोष नव्हता. खांबाच्या अलीकडं काहीतरी झालं होतं जे पलीकडं झालं नव्हतं.

ते काय, हे मला चटकन कळलं, कारण ती माझीच हुशारी होती. ऊस वाळू नये म्हणून यंदा पहिल्यांदाच मी ढिगावर पाणी मारायला सांगितलं होतं. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे, आणि चुकीचं नाही. पाइप खांबापर्यंतच पोचला असणार. पण पाणी तर मी विहिरीवरच्या टँकरचं सांगितलं होतं, चांगलं स्वच्छ पाणी. स्वच्छ पाण्यानं असं कसं होईल?

यार्डाचं काम बघणारे चाचा ट्रॅक्टरवाल्यांशी भांडत होते, त्यांना बोलावलं. "चाचा, सोमवारी ढिगावर टँकरचंच पाणी मारलं ना?"

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "टँकर किधर का मॅडम? ड्रायवर येळवस कू औराद गया था. टँकर नै बोलके मैं फोन किया ना आपकू. आपीच तो बोले थे, वो खड्डे का मारो, पानी तो पानी है."

फोन आठवला, माझा स्वतःचा आवाजही आठवला. बाबांच्या शेतात, खोपीबाहेर उभी राहून, पेल्यातली आंबील सांडू नये म्हणून हात सांभाळत मी म्हणाले होते, "पाणी ते पाणी चाचा, मारा ते."

तो खड्डा मिलच्या मागं आहे. मिलची फरशी धुतात, सांडलेला रस त्या पाण्याबरोबर त्यात जाऊन साठतो. गोड पाणी, आठ आठ दिवस उन्हात. आम्ही तिघं तिथं गेलो. काठावर वाकल्याबरोबर वास आला, आंबट, ओळखीचा. आंबील कशी करतात? ज्वारीच्या पिठात ताक घालतात आणि झाकून ठेवतात. ताक घातल्याशिवाय ती आंबत नाही. मी त्या ढिगाला खड्ड्यातलं विरजण लावलं होतं, वरून पाचट घालून झाकूनही ठेवलं होतं. ती आंबील मी पोटभर प्याले आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. एम.एस्सी. झालेली बाई मी.

खड्ड्यातलं पाणी नळीत घेतलं. स्पिरिट ओतायची गरजच नव्हती, तरी ओतलं. दह्यासारखं घट्ट झालं.

अप्पा तेव्हा म्हणाले, अगदी हळू, "बाई, दुसरा फोन मी केलतो."

"कधी?"

"त्याच दिशी. दुपारी मी यार्डातनं चाललतो, ढिगाला वास यायलाय म्हणून तुमाला सांगितलो. तुमी म्हणलाव, अप्पा, ऊस आम्ही बघतो, तुम्ही पॅन बघा."

हे ऐकल्यावर मला खरंच रडू फुटलं असतं. पण सव्वातीन झाले होते.

साहेबांच्या केबिनमध्ये मी नळ्यांचा स्टँड घेऊन घुसले. अप्पा मागं. ऑर्डर टाइप होऊन टेबलावर पडली होती, फक्त सही बाकी.

"एन् मॅडम, आता परत काय?" साहेबांनी अर्ध्या कन्नडात विचारलं.

मी सगळं सांगितलं. नळ्या दाखवल्या. साहेब हुशार माणूस, त्यांना अर्ध्यातच कळलं. त्यांनी नळ्यांकडं बघितलं, ऑर्डरकडं बघितलं आणि पेन बंद केलं.

"असं करा. नवी नोट द्या. शिळा ऊस, एवढंच लिहा. तुमचं नाव कशाला पाहिजे त्यात? कुणाचीच चूक नको."

"आणि ही ऑर्डर?"

"आता सगळ्या कारखान्याला कळलंय मॅडम. मागं घेतली तर आम्ही येडे ठरतो. सहाच आठवड्यांचा प्रश्न आहे. गेटवर सावली आहे, खुर्ची आहे. अप्पांना आरामच. काय अप्पा?"

अप्पा रुमालाची घडी उलगडत होते, घालत होते.

माझं डोकं फिरलं. आयुष्यात माझा राग एकदाच योग्य जागी निघाला असेल, तर तो त्या दिवशी. "आराम काय साहेब? ह्या माणसाचे डोळे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत. मला यंत्रातून दिसलं नाही ते ह्यांना खिडकीत दिसलं. ह्यांनी सोमवारी फोन करून सांगितलं, मी ऐकलं नाही. कारखाना माझ्यामुळं तुंबलाय. कुणाला गेटवर बसवायचं तर मला बसवा!"

टेबलावरची माझी नोट मी ओढून घेतली. चौथी ओळ खोडली. खाली लिहिलं: ढिगावर खड्ड्यातलं पाणी मारायला मी सांगितलं. पॅन ऑपरेटरनं वासाची सूचना त्याच दिवशी दिली होती, ती मी ऐकली नाही. त्यांची नजर उत्तम आहे, मी स्वतः तपासली आहे. सही केली.

अप्पा वाकून बघत होते. "बाई, ते खोडलेलं अजून वाचता यायलाय."

मी पेन दाबून दाबून ती ओळ पार काळी केली. कागद फाटायला आला. मग ते म्हणाले, "हां. आता ऱ्हाऊ द्या."

चारला पाच मिनिटं कमी असताना साहेबांनी ऑर्डर फाडली. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. ढिगातला उरलेला ऊस बाहेर काढला, खड्डा उपसून त्यात चुना ओतला, डिंकाचा पाक पुन्हा पॅनमध्ये सोडायचा नाही असं ठरलं. अप्पा जिना चढून आपल्या मजल्यावर गेले. मी माफी मागायला दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. तोंड फटकळ असलेल्या माणसाला एवढा एक शब्द बोलता येत नाही.

शनिवारी दुपारी पॅनवरून निरोप आला, बाईंना वर पाठवा. मी धावतच गेले, वाटलं पुन्हा काही बिघडलं. अप्पा पॅनसमोर उभे होते. त्यांनी दांडीनं पाक काढला, काचेवर पसरला आणि ती काच माझ्या हातात दिली. तीस वर्षांत त्यांनी ती कुणाच्या हातात दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"बघा. कसा हाय दाणा?"

मी काच खिडकीसमोर धरली. उजेड होता, दाणे होते, पण सगळं नुसतं पाण्यात तरंगत होतं. डोळे पुसले, पुन्हा धरली, पुन्हा तेच. गेल्या तीन दिवसांत आलं नव्हतं ते सगळं आत्ताच यायचं होतं.

"अप्पा, मला माफ करा," मी म्हणाले. "मला काही दिसंना झालंय."

अप्पांनी माझ्या हातातली काच घेतली, आपल्या रुमालानं पुसली आणि रुमाल माझ्यापुढं धरला.

"दिसंना झालंय व्हय?" ते म्हणाले. "मग लिवू का नोट?"

"लिहा अप्पा," मी म्हणाले, आणि त्यांचा रुमाल घेतला.